पूर्वेच्या पट्टीवरच्या फुटक्या बशा

टेनी वॅगनॉन लोखंडी सळई दफनभूमीच्या जमिनीत खुपसायची, कानोसा घेतल्यासारखी मान वाकडी करायची, आणि मग एक तर पुढे सरकायची नाहीतर तिथे केशरी निशाण रोवायची. तीन आठवडे हेच चाललं होतं. अर्झूला ब्रॉडनॅक्स पाइनच्या झाडाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ते बघत होती, आणि नुसतं बघूनच तिची कंबर धरली होती.

"काय म्हणते तुझी सळई?"

"इथे मऊ आहे म्हणते."

"मऊ तर माझे गुडघेसुद्धा झालेत. म्हणून मला कुणी पुरलंय का?"

टेनी हसली नाही. एरवी ती हसायची. गावाच्या इतिहास मंडळाची ती अध्यक्ष. सत्तरी गाठलेली, लग्न न केलेली, चाळीस वर्षं वाचनालयात कार्डं लावून लावून बोटं पांढरी झालेली. गोऱ्यांची दफनभूमी, काळ्यांची दफनभूमी, रेल्वेच्या गोदामामागची कुणाचीच नसलेली दफनभूमी, सगळ्यांच्या याद्या तिने हाताने लिहिल्या होत्या. लहानपणी ती अर्झूलाला नुसतं 'झूला' म्हणायची, कारण अर्झूला तिच्या आजीच्या स्वयंपाकघरात कामाला होती. आता 'मिस अर्झूला' म्हणते आणि 'तुम्ही' म्हणते. एवढंसं व्हायला या गावाला पन्नास वर्षं लागली.

टेनीने सळई गवतावर आडवी ठेवली आणि पँटच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"काउंटीच्या इंजिनिअरचं उत्तर आलंय, मिस अर्झूला."

"वाच. माझा चष्मा घरी आहे."

चष्मा तिच्या पर्समध्ये होता. टेनीला ते माहीत होतं आणि तिसरीत शाळा सुटलेल्या बाईला छापील इंग्रजी किती वाचता येतं तेही माहीत होतं. पण तिने मुकाट्याने वाचलं. तेवढी ती भली होती.

भानगड अशी होती. गावाबाहेर कोंबड्यांचा कारखाना झाला, त्याचे लांबडे ट्रक माउंट हर्मन या काळ्यांच्या चर्चच्या वळणावर वळेनात, म्हणून काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या सरकारला, रस्ता रुंद करायचा होता. त्यासाठी चर्चच्या दफनभूमीची पूर्वेकडची तीस फुटांची पट्टी हवी होती. त्या पट्टीवर एकही शिळा नव्हती. नुसतं गवत, गालिच्यासारखं. काउंटी म्हणत होती की शिळा नाही, नाव नाही, म्हणजे कबरही नाही. चर्च म्हणत होतं की तिथे सव्वीस माणसं आहेत, त्यांच्या कबरींवर जुन्या रिवाजाप्रमाणे बशा, शिंपले, औषधाच्या बाटल्या मांडलेल्या होत्या, आणि एकोणीसशे सहासष्ट साली विजेचे खांब टाकायला आलेल्या माणसांनी ते सगळं उचलून फेकून दिलं.

"तो लिहितो," टेनी म्हणाली, "की खांब सहासष्टला नाही, अठ्ठावन्नला टाकले. आणि रस्त्याच्या पलीकडून गेले. खांबवाल्यांनी या जमिनीत पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. नकाशा जोडलाय. म्हणून तो म्हणतो की ही गोष्टच रचलेली आहे. जमीन मऊ लागते ती झाडांचे जुने बुडखे कुजल्यामुळे. गुरुवारी सभा आहे. गुरुवारी ते मतदान करून मोकळे होतील."

अर्झूलाने गवताकडे पाहिलं.

"ही खांबवाल्यांची गोष्ट पहिल्यांदा सांगितली कुणी?" टेनीने विचारलं. "मी गावाच्या इतिहासाच्या माझ्या पुस्तकात तुमच्या चर्चच्या शतकपूर्तीच्या पुस्तिकेतून घेतली. पुस्तिकेत कुठून आली?"

"सगळेच सांगतात."

"सगळ्यांच्या आधी कुणी?"

"ऊन फार झालं," अर्झूला म्हणाली. "लॉरीनला हाक मार. गाडी इकडे घे म्हणावं."

घरी लॉरीनने मक्याचा ब्रेड आणि वाटाण्याची उसळ पुढे ठेवली. लॉरीन तिची थोरली मुलगी, शाळेच्या खानावळीत तीस वर्षं रांधून निवृत्त झालेली, आईला घाबरणारी आणि तरीही तोंडाला तोंड देणारी.

"ममा, जेव की. ताटाकडे काय बघतेस? ते काही बोलायचं नाही."

"उसळीत मीठ नाही."

"डॉक्टरने सांगितलंय."

"डॉक्टर येऊन खाणार आहे का ही?"

तिने दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. लॉरीन भांडी घासायला गेली. अर्झूला खिडकीशी बसली. तिला सहासष्टचा तो ऑगस्ट आठवायला डोळे मिटावे लागत नव्हते. तो कधी गेलाच नव्हता.

माउंट हर्मनमध्ये रिवाज होता की माणूस गेलं की त्याने शेवटच्या दुखण्यात वापरलेली वस्तू कबरीवर ठेवायची. चहाचा कप, बशी, चमचा, दिव्याची काच, खोकल्याच्या औषधाची बाटली. अख्खी नाही ठेवायची. फोडून ठेवायची. म्हाताऱ्या सांगायच्या, फोडली की घरातल्या मरणाची साखळी तिथेच तुटते, मागे राहिलेल्यांना कुणी हाक मारत नाही. शिळा घ्यायची ऐपत कुणाची नव्हती. बशी हीच शिळा. पट्टीवरच्या सव्वीस कबरी अशाच होत्या, आणि गवताचं एक पातंही तिथे उगवू द्यायचं नाही, म्हणून शनिवारी कुदळीने खरवडून लाल माती उघडी ठेवलेली.

अर्झूला तेव्हा तीस वर्षांची होती आणि चर्चच्या बायकांच्या मंडळाची नवी अध्यक्ष. सगळ्यात तरुण अध्यक्ष. तिच्या हुकुमाशिवाय चर्चमधली घंटा वाजत नव्हती. विटांचं नवं चर्च उभं राहिलं होतं, बिशप उद्घाटनाला येणार होते, आणि ती रोज टेकडीवर वॅगनॉनांच्या घरी कामाला जाताना गोऱ्यांची दफनभूमी बघायची. हिरवंगार गवत, मध्ये पांढऱ्या शिळा, सगळं कसं इस्त्री केल्यासारखं. आणि आपल्याकडे काय? उघडी माती आणि फुटकी भांडी. वॅगनॉनांची म्हातारी एकदा गाडीतून जाताना म्हणाली होती, "झूला, तुमचे लोक मेलेल्यांवर केर का टाकतात गं?" अर्झूलाने त्यावर "येस मॅम" म्हटलं होतं. तेवढंच म्हणायची सोय होती. पण ते वाक्य घशात अडकलं ते कायमचं.

बिशप येण्याच्या आधीच्या मंगळवारी, सगळे कापसाच्या शेतांवर असताना, तिने इझेल मॅकक्रॅरीला ट्रॅक्टर आणि मागची गाडी घेऊन बोलावलं. आणि पहिलं सामान उचललं ते स्वतःच्या आईच्या कबरीवरचं, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की अर्झूलाने आपलं राखलं आणि दुसऱ्याचं फेकलं. दिव्याची काच होती आणि चमचा. आई गेली तेव्हा अर्झूला आठ वर्षांची होती. तो चमचा तिनेच वाकवला होता, कारण चमचा फुटत नाही.

दुपारपर्यंत पट्टी साफ झाली. इझेलने माती सपाट केली, तिने गवताचं बी फेकलं. संध्याकाळी बायका आल्या आणि आयडाबेल क्रम्प्टनने जी किंकाळी फोडली ती ऐकून अर्झूलाला पहिल्यांदा कळलं की आपण काय केलंय. आयडाबेल जमिनीवर लोळली. "कुणी केलं? माझ्या आजीचा कप कुठाय? कुणी केलं हे?"

तेव्हा अर्झूलाने तोंड उघडलं. खरं सांगायलाच उघडलं होतं, आजही ती शपथ घेईल. पण तोंडातून निघालं, "खांबवाले आले होते."

पुढे पुस्तिका काढताना पाळकांनी तिलाच बोलावलं, ती बोलली आणि त्यांनी लिहून घेतलं. पुस्तिकेतून टेनीच्या पुस्तकात गेलं. आता ते खोटं चर्चच्या कपाटात होतं आणि गावाच्या वाचनालयातही होतं, आणि त्याच खोट्याच्या जोरावर काउंटी सव्वीस माणसांवरून डांबर नेणार होती.

बुधवारी सकाळी ती लॉरीनला म्हणाली, "मला इझेलकडे सोड. आणि तू गाडीतच बस."

इझेल शहाऐंशीचा. चर्चचा सगळ्यात जुना डीकन, म्हणजे पाळकाच्या हाताखालचा पंच. पोर्चवर झोपाळ्यावर बसून शेंगा सोलत होता.

"ये, सिस्टर अर्झूला. तू आलीस म्हणजे कुणीतरी मेलं असणार."

"अजून नाही. पण तू शेंगा अशाच सोलत राहिलास तर मी मरेन वाट बघून. सालं टोपलीत आणि दाणे जमिनीवर चाललेत तुझे."

त्याने खाली पाहिलं. खरंच तसं होतं. त्याने टोपली सरकवली.

"इंजिनिअरचा कागद ऐकलास?"

"ऐकला."

"मग?"

"मग काय? त्रेपन्न वर्षं मी गप्प आहे. माझ्या बायकोला सांगितलं नाही. ती त्याच पट्टीसाठी खांबवाल्यांच्या नावाने प्रार्थना करायची, की देवा त्यांना क्षमा कर. मी शेजारी गुडघे टेकून आमेन म्हणायचो."

 

इझेलने दोन शेंगा सोलल्या. "हे बघ. उद्या मी उभा राहतो. मी सांगतो की ट्रॅक्टर माझा, डोकं माझं, मीच केलं. माझं काय राहिलंय? फार तर डीकनपण काढून घेतील. मला त्या सगळ्या मीटिंगांचा कंटाळाच आलाय. तुझं नाव मात्र राहील."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो मनापासून बोलत होता. थकलेला, दात नसलेला, सरळ माणूस. आणि एक क्षणभर, अगदी एक क्षणभरच, तिला वाटलं की होऊ दे. ऐंशी वर्षं झिजले. रविवारी पहिल्या बाकावर पांढऱ्या कपड्यांत बसायचं, लोकांनी मानाने 'मदर ब्रॉडनॅक्स' म्हणत हात धरायचा, नातवंडांनी गप्प व्हायचं आपण आत आलो की. एवढं राहू दे.

"इझेल, तुझ्यावर विश्वास कोण ठेवेल?" ती म्हणाली. "तुला बायकोने मीठ आण म्हणून धाडलं तर तू किती आणू म्हणून परत यायचास. तू म्हणे स्वतःच्या डोक्याने सव्वीस कबरी साफ केल्या! सगळं चर्च हसेल."

इझेल हसला. हसता हसता खोकला. "म्हणजे हे पाप पण तुलाच हवं. माझ्याबरोबर वाटून घ्यायला नको."

"तुला काय वाटायचं ते वाटू दे. घळ आठवते का तुला? गाडी कुठे रिकामी केली ती?"

"चर्चमागे, ओढ्याच्या वरच्या अंगाला. आता वेल चढलाय त्याच्यावर. कुत्रं आत गेलं तर बाहेर येत नाही."

"उद्या दहा वाजता तयार राहा," ती म्हणाली आणि उठली. उठायला तिला दोन प्रयत्न लागले. इझेलने हात पुढे केला नाही. तिने धरला नसता.

गुरुवारी काउंटीच्या कचेरीत माउंट हर्मनच्या बायका टोप्या घालून दोन रांगा भरून बसल्या होत्या. वर टेबलामागे काउंटीचे पाच सभासद होते, मध्ये अध्यक्ष रॉस्को थिग्पेन, ज्याला प्रत्येक वाक्याच्या आधी घसा साफ करायची सवय होती. इंजिनिअरने नकाशा दाखवला. टेनीने आपली निशाणं, आपली सळई, आपली यादी मांडली. 

"मिस वॅगनॉन, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे," थिग्पेन घसा साफ करून म्हणाला. "पण तुमच्याच पुस्तकात जे लिहिलंय ते नकाशाशी जुळत नाही. त्या वस्तू होत्या असं म्हणणारं, स्वतः पाहिलेलं कुणी आहे का? आणि होत्या तर गेल्या कुठे?"

अर्झूला उभी राहिली. लॉरीनने कोपर धरायला हात लावला, तो तिने झटकला.

"मी पाहिलेल्या आहेत. आणि कुठे गेल्या तेही मला ठाऊक आहे, कारण मीच फेकल्या."

मागे कुणाची तरी पर्स खाली पडली.

"खांबवाले आले नव्हते," ती म्हणाली. "तुमचा इंजिनिअर बरोबर आहे. खांबवाल्यांचं मी सांगितलं. पुस्तिकेत मी घातलं. मिस टेनीने माझ्यावर विश्वास ठेवून छापलं, तिची चूक नाही. सहासष्टच्या ऑगस्टात मी ट्रॅक्टर बोलावला आणि सव्वीस कबरींवरच्या बशा, कप, काचा, शिंपले गाडीत भरून चर्चमागच्या घळीत ओतले. पहिली माझ्या आईची. मला लाज वाटत होती. मला गवत हवं होतं. तुमच्यासारखं."

"आमच्यासारखं?" थिग्पेन घसा साफ करायला विसरला.

"तुमच्यासारखं, सर. गवत आलं, छान आलं. इतकं छान आलं की आता तुम्ही म्हणता खाली कुणीच नाही." तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली.  "घळ चर्चच्या जमिनीत आहे. तिथे खणा. निघालं नाही तर रस्ता करा. पण आधी खणा."

डीकन इझेल मागून उभा राहिला. "ट्रॅक्टर माझा होता," एवढंच म्हणाला आणि बसला.

दुसऱ्या रांगेतून आयडाबेल क्रम्प्टन उठली. आता ती एकोणऐंशीची, जांभळी टोपी, हातात काठी.

"अर्झूला," ती म्हणाली. सिस्टर नाही, मदर नाही. "माझ्या दारात विजेचं मीटर बघायला येणाऱ्या माणसाला मी त्रेपन्न वर्षं पाणी विचारलं नाही. चार जण बदलले. एक तर उन्हात चक्कर येऊन माझ्या पायरीवर बसला होता. मी दार लावून घेतलं. तू शेजारच्या पोर्चवरून बघत होतीस."

"बघत होते," अर्झूला म्हणाली.

आयडाबेल काठी आपटत बाहेर गेली. तिच्यामागे आणखी चार टोप्या गेल्या.

थिग्पेनने इतरांशी कुजबुज केली आणि मतदान दोन महिने पुढे ढकललं. विद्यापीठातून कुणी जुन्या वस्तू ओळखणारा येईल, घळ तपासली जाईल, मग बघू. टेनी रडत होती. ते आनंदाचं होतं की रागाचं, अर्झूलाने विचारलं नाही. दोन्हीचा तिला हक्क होता.

रविवारी पहिल्या बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहिली. पाळकांनी हात मिळवला, पण 'मदर' म्हणताना मध्येच अडखळले. लॉरीन घरी येऊन म्हणाली, "ममा, निदान आधी मला तरी सांगायचंस."

"तुला सांगितलं असतं तर तू मला जाऊ दिलं असतंस का?"

"नसतं."

"मग."

सोमवारी माणसांनी वेल तोडला. त्याला दोन दिवस लागले. बुधवारी विद्यापीठाची बारीकशी बाई दोऱ्या बांधून खाली उतरली आणि अर्ध्या तासात तिने वर हाक मारली. पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे, निळ्या बाटलीचा गळा, एक अख्खा शिंपला, गंजलेलं घड्याळ. त्या बाईने हिशेब केला की निदान वीस जणांचं सामान इथे आहे, आणि भांड्यांच्या घडणीवरून ते एकोणीसशे दहा ते पन्नासमधलं आहे. इंजिनिअर बूट चिखलात रोवून उभा होता. "ठीक आहे," तो म्हणाला आणि नकाशाची गुंडाळी करून गाडीत जाऊन बसला. टेनी म्हणाली, हा माणूस 'ठीक आहे' म्हणाला म्हणजे रस्ता दुसऱ्या अंगाने जाणार.

अर्झूलाला आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त झोप येत होती.

तुकडे धुवायचं काम तिने मागून घेतलं. पाइनच्या सावलीत दोन टब, मऊ ब्रश, आणि शेजारी वर्तमानपत्रावर ओले तुकडे. पहिल्या दिवशी टेनी वही घेऊन बसली.

"हा गुलाबाचा काठ कुणाचा, मिस अर्झूला?"

"बहुतेक हॅटी बोगनचा. नाही, थांब. तिचा सोनेरी काठ होता."

"आणि ही दिव्याची काच?"

अर्झूलाने ती काच हातात घेतली. अशा अकरा काचा होत्या, सगळ्या सारख्या, धूसर, वाकड्या. त्यातली एक आईची असेल. वाकलेला चमचा मिळालाच नव्हता.

"माहीत नाही," ती म्हणाली. "लिही, माहीत नाही."

सव्वीसपैकी नऊ कबरींचं काय कुठलं ते तिला सांगता आलं. बाकी सतरा जणांचं सगळं एकाच ढिगात पडलं होतं, आणि ते आता कुणालाच वेगळं करता येणार नव्हतं. टेनीने नवीन पानावर लिहिलं आणि वाचून दाखवलं: सन एकोणीसशे सहासष्टमध्ये अर्झूला ब्रॉडनॅक्स यांनी या वस्तू हटवल्या. "कारण लिहू?"

"लिही."

"काय लिहू?"

"लाज," अर्झूला म्हणाली. "दुसरं काही लिहायला जागा घालवू नकोस."

शनिवारी दहाच्या सुमारास आयडाबेल आली. काठी टेकत, घरची खुर्ची नातवाकडून उचलवून. तिने नातवाला परत धाडलं, खुर्ची दुसऱ्या टबापाशी मांडली आणि बसली. अर्झूलाकडे बघितलं नाही. बाह्या वर केल्या, ब्रश घेतला आणि तुकडे घासायला लागली. तिचा हात हळू होता, पण कोपऱ्यातली माती ती सोडत नव्हती.

 ट्रक जात होते, हॉर्न वाजवत होते. लॉरीनने गार गोड चहाचे दोन पेले आणून मध्ये ठेवले. आयडाबेलने आपला पेला उचलला, निम्मा प्यायली, आणि वर्तमानपत्रावरच्या पांढऱ्या तुकड्यांतला एक-एक उलटून बघायला लागली. आजीचा कप शोधत होती, हे सांगायची गरज नव्हती.

"तो निळ्या फुलांचा होता," अर्झूला म्हणाली. "कान तुटलेला."

"मला माहितीय तो कसा होता."

बारा वाजता आयडाबेल उठली. पाठ सरळ करायला तिला वेळ लागला. ब्रश टबाच्या काठावर ठेवला, बाह्या खाली घेतल्या.

"उद्या रविवार आहे. सोमवारी माझा दातांचा डॉक्टर आहे," ती टबाकडे बघत म्हणाली. "मंगळवारी येईन. पाणी आधी बदलून ठेव, हे घाण झालंय."

अर्झूलाला उत्तर द्यायचं होतं. पण आयुष्यभर तोंड उघडून तिने जे काही बिघडवलं होतं ते सगळं या वेळी तिला आठवलं, म्हणून तिने नुसती होकाराने मान हलवली.